मधल्या स्टेशनात संपणाऱ्या लोकल : आधी बोगदा, की आधी तिकीट?

सांधेवाला (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:४२

मागच्या आठवड्यात दुसऱ्याच कुठल्या धाग्यावर हा वाद निघाला आणि अर्धवट राहिला, म्हणून वेगळा धागा काढतोय. विषय असा, की मोठ्या महानगरात चारी दिशांनी येणारे लोकलचे मार्ग एकमेकांत गुंफून त्यांचं एक जाळं कसं करायचं. एक विनंती आधीच करून ठेवतो. आपापल्या शहराची गाऱ्हाणी इथे नकोत. त्यासाठी रडगाण्याचा धागा आहे आणि तो जोरात चालू आहे.

दुखणं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्या वेगवेगळ्या होत्या. प्रत्येकीने शहराच्या वेशीपर्यंत रूळ आणले आणि तिथे आपापलं टर्मिनस थाटलं. शहर त्या टर्मिनसच्या पुढेमागे वाढत गेलं. कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, सरकारजमा झाल्या, पण टर्मिनस तिथेच राहिलं. आता पूर्वेच्या उपनगरातून पश्चिमेच्या उपनगरात जायचं तर मध्ये उतरा, जिने चढा, दुसऱ्या स्टेशनात जा, दुसरं तिकीट काढा.

उतारूंचा त्रास दिसतो तरी. रेल्वेचं नुकसान दिसत नाही. टर्मिनसमध्ये गाडी लागली की काय होतं बघा. लोक उतरतात. मोटरमन बॅग उचलतो, अख्ख्या गाडीची लांबी फलाटावरून चालत जातो, दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये शिरतो, ब्रेक तपासतो आणि सुटायच्या वेळेची वाट बघतो. बारा मिनिटं धरा. दर तीन मिनिटांनी गाडी सोडायची तर एकाच मार्गाने चार फलाट अडवले, आणि एखादी गाडी उशिरा आली तर पाचवाही. तीच गाडी सरळ पलीकडे निघून गेली असती तर फलाट दीड मिनिटात मोकळा. शिवाय टर्मिनसच्या तोंडाशी सांध्यांचं, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या जोडांचं, जंजाळ असतं. आत येणारी गाडी बाहेर जाणारीचा रस्ता कापते, मग दोघींपैकी एक सिग्नलला ताटकळते.

म्युनिकने १९७२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने हे सोडवलं. पश्चिमेचे मार्ग मुख्य स्टेशनात येऊन थांबत, पूर्वेचे ओस्टबानहोफ या पूर्वेच्या स्टेशनात. मध्ये शहराखालून दोन रुळांचा बोगदा काढला आणि दोन्हीकडच्या गाड्या त्यातून आरपार सोडल्या. आज त्या दोन रुळांवरून एका दिशेला तासाला तीसपर्यंत गाड्या जातात. मधल्या एक-दोन स्टेशनांत गाडीच्या दोन्ही बाजूंना फलाट आहेत. एका बाजूने उतरा, दुसऱ्या बाजूने चढा, दारात धक्काबुक्की नाही.

आता उलटं उदाहरण घ्या. फिलाडेल्फियाने १९८४ मध्ये दोन जुन्या कंपन्यांची जाळी, पेनसिल्व्हेनिया आणि रीडिंग, शहराखालच्या बोगद्याने जोडली. तोही चार रुळांचा. दोन्हीकडची वीजही एकाच जातीची, २५ हर्ट्झवाली. वुकान वुचिच या वाहतूक अभ्यासकाने कुठला मार्ग कुठल्या मार्गाला जोडायचा याच्या जोड्या लावून दिल्या आणि त्यांना आर-१ ते आर-८ असे क्रमांक दिले. (आर-४ काही अवतरलाच नाही.) आणि झालं काय? गर्दीची वेळ सोडली तर बऱ्याच मार्गांवर तासाला एक गाडी. डब्यात कंडक्टर तिकीट तपासत फिरणार ही जुनी पद्धतही राहिली. २०१० मध्ये ते क्रमांकही पुसले. चार रुळांच्या त्या बोगद्यातून म्युनिकच्या दोन रुळांच्या जवळपासही माणसं जात नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की बोगदा शेवटी. जर्मन आणि स्विस रेल्वेवाल्यांत एक वचन आहे : आधी कारभार, मग इलेक्ट्रॉनिक्स, शेवटी काँक्रीट. आपण सगळीकडे काँक्रीटपासून सुरुवात करतो, कारण त्याचं भूमिपूजन करता येतं. वेळापत्रकाला नारळ कुठे फोडणार?

निमिष | सोमवार, रात्री १०:०५

शेवटच्या वाक्याला +१.

शंकासुर | सोमवार, रात्री १०:३१

धागा चांगला, पण गाड्या आरपार सोडणं म्हणजे रामबाण असल्यासारखं लिहिलंय ते पटलं नाही. टर्मिनसचा एक मोठा फायदा तुम्ही सांगितलाच नाहीत. तिथे उशीर मुरतो. गाडी सात मिनिटं उशिरा आली तरी बारा मिनिटांच्या थांब्यात ती परत वेळेवर सुटते. आरपार गाडीला असा विसावा नाही. पूर्वेला कुणी रुळात उतरलं की पश्चिमेच्या माणसाला कार्यालयात उशीर. एकाला शिंक आली की पाचांना सर्दी.

तोक्योत हे रोज घडतं. २०१३ पासून फुकुतोशिन भुयारी मार्गावरून तोक्यू या खासगी कंपनीच्या तोयोको मार्गाच्या गाड्या आरपार जातात, आणि त्या साखळीत सुरुवातीलाच पाच वेगवेगळ्या कंपन्या होत्या. एका टोकाला सायतामात काही बिघडलं की त्याचे पडसाद दुसऱ्या टोकाला योकोहामात.

आणि लंडनचं २०१८ विसरू नका. थेम्सलिंक या शहरातून उत्तर-दक्षिण आरपार जाणाऱ्या लोकलसेवेचा विस्तार झाला, मे महिन्यात नवीन वेळापत्रक लागू केलं, आणि पहिल्याच दिवसांपासून गाड्यांवर गाड्या रद्द. नवीन मार्ग शिकलेले मोटरमनच पुरेसे नव्हते. बोगदा तयार, गाड्या तयार, चालवणारा माणूस नाही.

सांधेवाला | सोमवार, रात्री १०:५०

शंकासुर, थेम्सलिंकचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. मोटरमनचं प्रशिक्षण हा कारभारच की! काँक्रीट वेळेत झालं आणि कारभार मागे राहिला.

उशिराचा मुद्दा मात्र मान्य. त्यावर सविस्तर लिहितो, आज झोप.

कुमुद_ज | मंगळवार, सकाळी ७:१८

मला सांधे कळत नाहीत. मी फक्त रोज बसणारी. रोजचा प्रवास दोन गाड्या आणि एक बस. तिन्हींचे पास वेगळे. गाडी बदलायचा मला त्रास नाही हो, बदलीची शिक्षा होते त्याचा आहे. दुसऱ्या गाडीत पाय टाकला की भाडं परत पहिल्या टप्प्यापासून मोजायला सुरुवात. म्हणजे सरळ जाणाऱ्याला स्वस्त आणि ज्याच्या नशिबी वाकडा रस्ता त्याला महाग. अंतर तेवढंच.

एकदा शेवटच्या आठवड्यात एक पास संपला आणि दुसरा शिल्लक, अशी अवस्था होती. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "मॅडम, ते आमच्याकडे येत नाही." दोन खिडक्यांमध्ये एक भिंत होती, विटांची.

गणिती | मंगळवार, सकाळी ९:०२

कुमुदताई, तुमच्या त्या भिंतीचं गणित सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. एक तिकीट छापणं सोपं, त्या तिकिटाचे पैसे वाटणं अवघड.

समजा एका प्रवासात एका संस्थेची लोकल, दुसरीची मेट्रो, तिसरीची बस. तिन्ही तिकिटं वेगळी असतात तेव्हा प्रत्येकाच्या गल्ल्यात आपापला पैसा पडतो. एकच तिकीट केलं तर ते तीन तिकिटांच्या बेरजेपेक्षा स्वस्त ठेवावं लागतं, नाहीतर लोक ते कशाला घेतील? म्हणजे पहिल्या दिवशी एकूण गल्ला घटतो. कुणाचा किती घटणार यावरून सगळी बैठक मोडते. गाड्यांत माणसं वाढतील, दोन वर्षांत भरून निघेल, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दोन वर्षं पदरमोड कोण करणार?

यावरचा पहिला मोठा तोडगा हॅम्बुर्गचा. १९६५ मध्ये तिथल्या वाहतूक संस्थांनी मिळून एक संघ काढला : सामाईक भाडं, सामाईक वेळापत्रक, सामाईक नकाशा. गाड्या ज्याच्या त्याच्या, रंगही वेगळे, पण उतारूला एकच दुकान. जगातला असा हा पहिला संघ मानतात.

माझ्या मते सगळ्यात साफ व्यवस्था झुरिकची. तिथे १९९० मध्ये नवीन लोकलसेवा आणि भाड्याचा संघ एकदमच सुरू झाले. तिकिटाचे सगळे पैसे संघाकडे जातात आणि संघ गाड्या चालवणाऱ्यांना ठरलेल्या सेवेचे पैसे देतो. किती माणसं बसली याची जोखीम संघाची. तूट आली तर निम्मी कॅंटनने (म्हणजे तिथल्या राज्याने), निम्मी गावांनी सोसायची. त्यामुळे बसवाल्याला लोकलचा उतारू पळवण्यात रस उरत नाही, कारण दोघांचा मालक त्या अर्थाने एकच. आधी १९७३ मध्ये तिथल्या मतदारांनी भुयारी मेट्रो आणि लोकलची एकत्र योजना फेटाळून लावली होती. १९८१ मध्ये नुसत्या लोकलची योजना आली, ती मंजूर झाली. मेट्रोचा हट्ट सोडला म्हणून लोकल मिळाली.

तोक्यो याच्या बरोबर उलट. तिथे गाड्या आरपार, भाडं मात्र आरपार नाही! एकाच सीटवर बसून तुम्ही एका कंपनीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत गेलात की दोन्हींचं भाडं जोडून लागतं. कार्डाने ते आपोआप वळतं होतं म्हणून बोचत कमी, एवढंच. कंपन्यांचा आपसातला हिशेब मात्र फार देखणा आहे. तुमच्या गाड्या माझ्या रुळावर जितके किलोमीटर धावतील, साधारण तितकेच माझ्या गाड्या तुमच्या रुळावर धावतील असं वेळापत्रक लावायचं. फिटंफाट. पैसे फक्त उरलेल्या फरकाचे.

लेकुरवाळी | मंगळवार, सकाळी ११:४४

वाचतेय. गणिती, हिशेब असा गोष्टीसारखा सांगितलात तर मलाही कळतो!

तारयंत्री | मंगळवार, दुपारी १:२०

विजेकडे कुणीच वळलं नाही म्हणून लिहितो, हा आमचा प्रांत.

रूळ जोडले म्हणजे गाडी पलीकडे जातेच असं नाही. पॅरिसच्या आरईआर या आरपार लोकलसेवेच्या ब मार्गाचा दक्षिण भाग आरएटीपी या शहराच्या वाहतूक संस्थेकडे, तिथे १५०० व्होल्ट डीसी. गार दु नॉर या स्टेशनाच्या उत्तरेला एसएनसीएफ ही राष्ट्रीय रेल्वे, तिथे २५ हजार व्होल्ट एसी. दोन्ही पेलणारी गाडी खास बनवावी लागली. आणि गंमत बघा, गाडी आरपार जायची, मोटरमन नाही जायचा. गार दु नॉरला एका संस्थेचा उतरणार, दुसरीचा चढणार. हे २००९ पर्यंत चाललं! यंत्राला दोन वीजदाब पचले, दोन आस्थापनांना एक मोटरमन पचायला पंचवीसेक वर्षं लागली.

लंडनच्या थेम्सलिंकला १९८८ मध्ये हेच केलं. १९१६ पासून उतारूंना बंद असलेला स्नो हिलचा बोगदा परत उघडला. उत्तरेला डोक्यावर तार, दक्षिणेला बाजूला तिसरा रूळ, ७५० व्होल्ट. फॅरिंग्डनला गाडी उभी असताना एकीकडून दुसरीकडे बदल होतो. तारेतून वीज घेणारा टपावरचा पेंटोग्राफ खाली, तिसऱ्या रुळातून वीज घेणारा बूट चालू. उतारू मोबाइलमधून मान वर काढत नाहीत.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण दक्षिण कोरियातल्या सोलची लाइन ४. शहरातली मेट्रो उजव्या बाजूने धावते, डीसीवर. कोरेल या राष्ट्रीय रेल्वेचा उपनगरी मार्ग डाव्या बाजूने, एसीवर. दोन्ही जोडले तेव्हा नामतेरयांग आणि सनबावी या स्टेशनांच्या मध्ये, बोगद्यातच, एक रूळ दुसऱ्याच्या वरून पलीकडे नेला. वेणीचा पेड घालतात तसा. त्याच टापूत तार काही अंतर निर्जीव आहे. मोटर बंद, गाडी नुसत्या वेगावर घरंगळत जाते. जुन्या गाड्यांत दिवेही मंद व्हायचे. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मोटरचा आवाज अचानक गेला आणि दिवे उतरले. माझं काळीज लक्कन हललं. शेजारच्या आजी डुलकी घेत होत्या, त्यांच्या भुवया हलल्या नाहीत.

न्यूयॉर्कचं मात्र हसावं की रडावं. लॉंग आयलंड रेल रोड आणि मेट्रो-नॉर्थ, दोन्ही एकाच संस्थेच्या. दोन्हींना तिसरा रूळ. पण एकीचा बूट त्या रुळाला वरून टेकतो आणि दुसरीचा खालून. मालक एक, तरी एकीची गाडी दुसरीच्या रुळावर सहज जाऊ शकत नाही.

निमिष | मंगळवार, दुपारी १:३१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

निमिष | मंगळवार, दुपारी १:३३

माझ्या शहराबद्दल लिहिलं होतं. धागाकर्त्याची विनंती आठवली, म्हणून काढलं. वेणीच्या बोगद्याला दंडवत.

लेकुरवाळी | मंगळवार, दुपारी ३:१०

मी दुसऱ्या बाजूने बघते. प्रत्येक गाडी प्रत्येक ठिकाणी आरपार जायलाच हवी का? बाबागाडी आणि एक हात धरलेलं पोर घेऊन जाणाऱ्या बाईला विचारा. मला गाडी बदलायची भीती नाही, बदलताना तीन जिने नकोत आणि अर्धा तास थांबणं नको. समोरासमोरच्या फलाटावर दोन गाड्या एकाच वेळी आल्या, दोन मिनिटं थांबल्या, माणसांची अदलाबदल झाली आणि निघाल्या, असं असेल तर बोगद्याचं माझ्यापुरतं काम झालं. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून देशभर दर तासाला त्याच मिनिटाला गाडी अशी पद्धत आहे. ते मिनिट एकदा पाठ झालं की वेळापत्रक बघावंच लागत नाही.

आणि फलाटाची उंची! वीज जुळवायला आख्खं इंजिनिअरिंग खातं राबतं, पायरी जुळवायला कुणी नाही. लंडनच्या एलिझाबेथ लाइनवर, म्हणजे शहराखालून पूर्व-पश्चिम आरपार जाणाऱ्या नव्या मार्गावर, मधल्या नव्या भुयारी स्टेशनांत गाडीचा तळ आणि फलाट एका पातळीत आहेत. जुन्या उपनगरी स्टेशनांत गेलात की फट आणि पायरी, चाकाच्या खुर्चीला फळी लावून घ्यावी लागते. गाडी तीच, मार्ग तोच.

गणिती | मंगळवार, दुपारी ३:४०

सहमत. बोगद्याशिवाय काय होतं याचं ठळक उदाहरण लंडनचंच आहे. २००७ च्या नोव्हेंबरात शहराच्या वाहतूक संस्थेने काही दुर्लक्षित उपनगरी मार्ग ताब्यात घेतले. त्याआधी स्टेशनांवर संध्याकाळनंतर चिटपाखरू नसे. त्यांनी प्रत्येक स्टेशनावर माणूस नेमला, दिवे लावले, फाटकं बसवली, भुयारी रेल्वेचंच कार्ड चालू केलं, आणि सगळ्या मार्गांना ओव्हरग्राउंड असं एक नाव देऊन एका नारिंगी रेघेने नकाशावर आणलं. नवीन गाड्या आणि फेऱ्याही पुढे आल्या, पण रूळ बहुतांश तेच. गर्दी एवढी वाढली की डबे जोडावे लागले. २०१२ मध्ये जुने-नवे तुकडे जोडून शहराभोवती वळसा पूर्ण झाला.

शंकासुर | मंगळवार, सायंकाळी ६:५५

मग २०२४ मध्ये त्या एका नारिंगी रेघेची सहा नावं का करावी लागली? कारण सगळं एकच म्हटल्यावर "ओव्हरग्राउंड बंद आहे" या घोषणेवरून नेमकं कुठलं बंद आहे ते कळेना! एकीकरणाचाही अतिरेक होतो.

गणिती | मंगळवार, सायंकाळी ७:०८

हा हा, हे खरं आहे. एवढा मुद्दा तुमच्या खात्यात वळता केला.

सांधेवाला | मंगळवार, रात्री १०:१५

कबूल केल्याप्रमाणे उशिराच्या मुद्द्यावर.

शंकासुर, आरपार गाड्यांचा खरा शत्रू बोगद्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या फांद्या. मधला बुंधा एक आणि पूर्वेला पाच फांद्या, पश्चिमेला सात, असं असलं की प्रत्येक गाडीला बुंध्यात शिरायला आपलं नेमकं दीड-दोन मिनिटांचं भोक गाठावं लागतं. लांबच्या फांदीवर, जिथे मालगाडी किंवा लांब पल्ल्याची एक्स्प्रेस आडवी येते, तिथे चार मिनिटं गेली की ते भोक चुकलं. मग ती गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी भोकात शिरते. पॅरिसचं दुखणं तर आणखी वरचं. शातले आणि गार दु नॉर या स्टेशनांच्या मध्ये आरईआरचे ब आणि ड हे दोन वेगळे मार्ग एकाच दोन रुळांच्या बोगद्यातून जातात. एक खोकला की दुसरा आपोआप आजारी.

म्हणून जोड्या लावताना नकाशावर रेघ सरळ दिसते का हे बघायचं नसतं. दोन्हीकडची गर्दी तुल्यबळ आहे का, गाडीची लांबी जुळते का, फेऱ्या जुळतात का, हे बघायचं. पूर्वेला तासाला बारा गाड्या भरून येतात आणि पश्चिमेला सहाच लागतात, तर उरलेल्या सहा शहराच्या पलीकडच्या काठाला वळवा. त्यात कमीपणा नाही. एलिझाबेथ लाइनवर हेच होतं. पूर्वेकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या पॅडिंग्टनला उतारू उतरवून पुढच्या वळणमार्गात जातात. माझ्या पहिल्या पोस्टमधला बॅग घेऊन चालणारा मोटरमन आठवतोय? तिथे गाडी स्वतःच त्या वळणमार्गात जाऊ शकते आणि तेवढ्या वेळात मोटरमन आतूनच डब्याडब्यांतून चालत दुसऱ्या टोकाला पोचतो. फलाट केव्हाच मोकळा.

आणि तीही लाइन एका दमात जोडली नाही. २०१८ च्या डिसेंबरात उघडायची होती, उघडली २०२२ च्या मे महिन्यात, तीही मधला तुकडा वेगळा, दोन्हीकडचे तुकडे वेगळे. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या गाड्या बोगद्यात सोडल्या नोव्हेंबरात, पूर्ण वेळापत्रक २०२३ च्या मे महिन्यात. त्या एका मार्गावर तीन प्रकारची सिग्नल यंत्रणा आहे आणि गाडीला धावता धावता एकीतून दुसरीत जावं लागतं. उशीर का झाला त्याचं निम्मं उत्तर यात आहे.

कुमुद_ज | बुधवार, सकाळी ७:२५

म्हणजे तुमच्या मते आधी तिकीट एक करा, वेळापत्रक जुळवा, मग बोगदा. पण तिकीट एक झाल्यावर गर्दी वाढणार, आणि वाढलेली गर्दी त्याच जुन्या टर्मिनसात ओतली जाणार. त्या मधल्या वर्षांत माझं काय?

सांधेवाला | बुधवार, सकाळी ८:५०

कुमुदताई, हा प्रश्न मी टाळत होतो, तुम्ही बरोबर पकडलात. होय, मधली वर्षं वाईट जातात. पण त्या वर्षांत लोक कुठून कुठे जातात याची खरी आकडेवारी एका तिकिटातून मिळते, आणि बोगदा कुठे हवा ते तिच्यावरून ठरतं. नाहीतर तो दुकानांच्या किंवा मंत्र्यांच्या सोयीने ठरतो. आणि बोगदा झाला म्हणजे सुटलो असंही नाही. झुरिकमध्ये एवढं सगळं शिस्तीत करून श्टाडेलहोफेन या स्टेशनाला तीनच रूळ ठेवले, ते अजून सगळ्यांच्या मानेवर बसलेत. म्युनिकच्या त्या बोगद्याला समांतर दुसऱ्या बोगद्याचं काम २०१७ पासून चालू आहे. खर्चही फुगला, मुदतही पुढे गेली.

तारयंत्री | बुधवार, सकाळी ९:३०

शंकासुर, तोक्योत उशीर पसरू नये म्हणून काय करतात ते राहिलंच. एका कंपनीच्या हद्दीत मोठा बिघाड झाला की घोषणा होते : आरपार सेवा तूर्त बंद. दोन हद्दींच्या सीमेवर जे स्टेशन आहे तिथूनच दोन्हीकडच्या गाड्या परत फिरतात. प्रत्येक जण आपापलं घर सांभाळतो, आजार पलीकडे जात नाही. उतारूंना त्या दिवशी गाडी बदलावी लागते, बस्स.

शंकासुर | बुधवार, सकाळी ९:४१

म्हणजे सीमेवरच्या त्या स्टेशनात गाड्या वळवायला मधोमध जादा रूळ हवा, जादा सांधे हवेत, त्यासाठी जागा हवी, आणि हे सगळं बांधतानाच करून ठेवायला हवं. म्हणजे काँक्रीट आधी आलंच की. धागाकर्त्यांनी शीर्षक बदलावं.

सांधेवाला | बुधवार, सकाळी ९:४४

शीर्षक बदलत नाही. जादा रूळ मंजूर.